अल्पपिष्ट आहार आणि मधुमेह

अल्पपिष्ट आहार : ज्या आहारात पिष्टमय पदार्थ व शर्करा यांचे म्हणजेच कार्बोहायड्रेटांचे प्रमाण हेतुपुरस्सर कमी केलेले असते आणि ऊर्जेची उणीव प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांनी भरून काढलेली असते, अशा आहारास अल्पपिष्ट आहार म्हणतात. वैद्यकीय लेखनात सामान्यतः दिवसाला १३० ग्रॅ. पेक्षा कमी किंवा एकूण ऊर्जेच्या २६ टक्क्यांपेक्षा कमी कार्बोहायड्रेटे असलेल्या आहाराला ही संज्ञा लावतात. मधुमेहाचा उपचार म्हणून या आहाराचा इतिहास सु. सव्वादोनशे वर्षांचा आहे. धान्याविषयीच्या पथ्यापथ्याची भारतीय परंपरा मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. प्रस्तुत नोंदीत या इतिहासाचा आढावा घेतला असून, ज्वारी हेच ज्यांचे परंपरागत मुख्य अन्न आहे अशा मराठवाड्यातील लोकांच्या संदर्भात, विशेषतः परभणी जिल्ह्यातील येलदरी व पूर्णा नदीचे खोरे यांच्या उदाहरणाने, त्याचा विचार केला आहे.

शरीरक्रिया : धान्यातील पिष्ट पदार्थाचे पचन होऊन त्याचे ग्लुकोज बनते व ते रक्तात शोषले जाते. रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण वाढू लागताच अग्निपिंडातील बीटा कोशिका इन्शुलिन हे हॉर्मोन स्रवतात. त्याच्या योगाने ग्लुकोज स्नायू व वसा-ऊतक यांत शिरते आणि यकृतातून होणारी ग्लुकोजाची निर्मिती मंदावते. इन्शुलिन अपुरे पडल्यास किंवा ऊतके त्याला पुरेसा प्रतिसाद देईनाशी झाल्यास रक्तशर्करा वाढलेली राहते. हाच मधुमेह होय. आहारातील कार्बोहायड्रेटे कमी केली, तर जेवणानंतर रक्तशर्करेत होणारी वाढ कमी होते आणि इन्शुलिनाची गरजही घटते. या पद्धतीचा शास्त्रीय आधार एवढाच असून तो निर्विवाद आहे. प्रौढ माणसाचा मेंदू दिवसाकाठी सु. १२० ग्रॅ. ग्लुकोज वापरतो. आहारातून ते न मिळाल्यास यकृत ते प्रथिनांपासून व ग्लिसरॉलापासून तयार करते, तसेच वसाम्लांपासून किटोने बनवून मेंदूला पर्यायी इंधन पुरवते. म्हणून कार्बोहायड्रेटांवाचून माणूस तत्काळ अडत नाही. त्यांच्याऐवजी काय खावयाचे व ते कोठून मिळवावयाचे, हा प्रश्न मात्र उरतोच.

प्राचीन भारतीय विचार : चरकसंहिता व सुश्रुतसंहिता या ग्रंथांत प्रमेह या रोगसमूहाचे सविस्तर वर्णन आढळते. मूत्राला व शरीराला मुंग्या लागणे हे त्याचे पूर्वलक्षण म्हणून चरकसंहितेत नोंदविले आहे. बैठे व झोपाळू जीवन, दही-दूध व मांसरस यांचे अतिसेवन, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ ही त्या ग्रंथाने सांगितलेली प्रमुख कारणे होत. पथ्यात यव म्हणजे जव, मूग, जुनी साळ, श्यामाक व कोद्रव यांसारखी हलकी धान्ये आणि कडू भाज्या यांना स्थान आहे. जव हेही पिष्टमय धान्यच असल्यामुळे हा आहार आजच्या अर्थाने अल्पपिष्ट म्हणता येणार नाही. गुरू व गोड अन्न टाळून रुक्ष व लघू अन्न घ्यावे, हा त्यातील विचार होय.

या परंपरेतील दोन गोष्टी आजही लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे रोग्यांचे स्थूल व कृश असे वर्गीकरण. स्थूल व बलवान रोग्यास शोधन व कर्शन, तर कृश व दुर्बल रोग्यास बृंहण म्हणजे पोषण, असा उपचारभेद तेथे स्पष्ट केला आहे. दुसरी गोष्ट श्रमाविषयीची आहे. निर्धन रोग्याने दूरवर पायी चालावे, विहीर खणावी, असे सुश्रुतसंहिता सांगते आणि त्याच संदर्भात कृश रोग्याचे मात्र सतत रक्षण करावे, असेही बजावते. आहार कमी करण्याचा उपदेश सर्वांना सरसकट लागू होत नाही, ही जाणीव अशा रीतीने या शास्त्राच्या आरंभापासूनच दिसते.

यूरोप व अमेरिकेतील विकास : मधुमेही रुग्णाच्या मूत्रातील व रक्तातील गोड पदार्थ शर्करा असल्याचे मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्याने १७७६ मध्ये दाखविले. त्यानंतर १७९७ मध्ये जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी शल्यचिकित्सकाने आपल्या एका स्थूल रुग्णास मुख्यतः मांस व स्निग्ध पदार्थ यांचा आहार देऊन त्याच्या मूत्रातील शर्करा नाहीशी झाल्याचे प्रसिद्ध केले. आधुनिक अल्पपिष्ट उपचाराचा आरंभ येथून मानतात. फ्रेंच वैद्य आपोलिनेर बूशार्दा यांनी १८७०-७१ मधील पॅरिसच्या वेढ्यात अन्नटंचाईमुळे मधुमेही रुग्णांच्या मूत्रातील शर्करा कमी झाल्याचे पाहिले आणि मिताहार, हिरव्या भाज्या व व्यायाम यांवर भर दिला. मधुमेहाशी थेट संबंध नसलेला, परंतु पुढे गाजलेला प्रयोग लंडनमधील विल्यम बँटिंग यांचा होय. वैद्याच्या सल्ल्याने पाव, साखर, बिअर व बटाटे वर्ज्य करून वजन घटविल्याचा आपला अनुभव त्यांनी १८६३ मध्ये एका पुस्तिकेद्वारे प्रसिद्ध केला. इन्शुलिनाच्या शोधाशी निगडित असलेले फ्रेडरिक बँटिंग ते हे नव्हेत.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी हा विचार टोकाला नेला. मूत्रातील शर्करा नाहीशी होईपर्यंत उपवास आणि नंतर अत्यल्प आहार, असा त्यांचा उपचार होता. त्यामुळे इन्शुलिनाच्या पूर्ण अभावाने ग्रस्त अशा मुलांचे आयुष्य काही महिन्यांनी किंवा क्वचित काही वर्षांनी वाढले. परंतु ही मुले अस्थिपंजर होऊन जगत असत. कृश रोग्यास उपाशी ठेवण्याचा हा इतिहासातील सर्वांत कठोर प्रयोग होय. टोराँटो येथे १९२१ मध्ये इन्शुलिनाचा शोध लागला व जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम रुग्णास टोचण्यात आले. त्यामुळे उपासमारीच्या उपचाराची गरज संपली आणि पुढील काही दशकांत मधुमेही व्यक्तीच्या ताटात धान्य क्रमाने परत आले.

अमेरिकेतील रॉबर्ट ॲटकिन्स यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकामुळे अल्पपिष्ट आहाराची लाट पुन्हा आली. या वेळी तिचे लक्ष्य प्रामुख्याने वजन घटविणे हे होते. डेव्हिड जेंकिन्स व त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये ग्लायसेमिक निर्देशांकाची कल्पना मांडली. समान प्रमाणात कार्बोहायड्रेटे असलेले दोन पदार्थ रक्तशर्करा सारख्याच प्रमाणात वाढवितात असे नाही, हे तिच्यामुळे स्पष्ट झाले. तेव्हापासून ‘किती’ या प्रश्नाबरोबर ‘कोणते’ हा प्रश्नही आहारशास्त्रात आला.

महाराष्ट्रातील परिस्थिती : भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९७० नंतरच्या दशकात केलेल्या बहुकेंद्री पाहणीत मधुमेहाचे प्रमाण शहरी भागात २.१ टक्के व ग्रामीण भागात १.५ टक्के आढळले होते. याच परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रमाण शहरी भागात १०.९ व ग्रामीण भागात ६.५ टक्के दिसून आले. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती भिन्न असल्यामुळे या आकड्यांची काटेकोर तुलना करता येत नाही. तथापि मधुमेह हा केवळ शहरी सुखवस्तूंचा रोग राहिलेला नाही, हे त्यांवरून निश्चित होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोक मधुमेही असून सु. १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत.

महाराष्ट्रात या रोगाविषयी संघटित कार्याचा प्रारंभ मुंबईत झाला. डॉ. शां. शि. आजगावकर यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये तेथे डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. पुणे येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. या नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किग्रॅ., तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किग्रॅ. होते. भारतीय बालकांचे स्नायू व अंतर्गत इंद्रिये लहान असली, तरी त्यांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसण्यात कृश, पण शरीररचनेत चरबीप्रधान अशा या प्रकृतीमुळे भारतीयांत कमी वजनावर व कमी वयात मधुमेह उद्भवतो, असे मानतात. प्राचीन ग्रंथांतील स्थूल-कृश भेद यामुळे अधिक गुंतागुंतीचा झाला आहे, कारण वरून कृश दिसणाऱ्या व्यक्तीलाही आहारनियंत्रणाची गरज असू शकते आणि त्याच वेळी तिच्या स्नायूंना प्रथिनांची अधिकच आवश्यकता असते.

मधुमेही व्यक्तीने भात व गोड पदार्थ सोडून भाकरी-पोळी खावी, हा सल्ला महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ आहे. २०१० नंतरच्या दशकात डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांच्या व्याख्यानांतील विचारांच्या आधारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी मराठवाड्यातील लातूर येथून एक लोकमोहीम चालविली. खऱ्या भुकेच्या दोन वेळा ओळखाव्यात, त्याच वेळी प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवावे, एरवी काही खाऊ नये, गोड टाळावे व रोज ४५ मिनिटे चालावे, हे तिचे सूत्र होय. वारंवार खाण्याने वारंवार स्रवणारे इन्शुलिन हे तिचे मुख्य लक्ष्य असून, ती काटेकोर अर्थाने अल्पपिष्ट नव्हे तर भोजनकाल मर्यादित करणारी पद्धती आहे. मधुमेहाच्या चर्चेत इन्शुलिन हा शब्द सामान्य मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचविण्यात तिचा वाटा मोठा आहे.

अन्न वर्ज्य करण्याची दुसरी मराठी परंपरा उपवासाची होय. एकादशी, चतुर्थी इ. दिवशी धान्य वर्ज्य करतात. मात्र त्याऐवजी साबुदाणा, वरई, बटाटा व रताळे हे पदार्थ घेतात. साबुदाण्यात दर १०० ग्रॅ. मागे सु. ८७ ग्रॅ. कार्बोहायड्रेटे असतात आणि प्रथिने जवळजवळ नसतात. त्यामुळे असा उपवास रक्तशर्करेच्या दृष्टीने धान्यत्याग ठरतो, पिष्टत्याग ठरत नाही.

येलदरी व पूर्णा खोरे : परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील येलदरी हे ठिकाण गोदावरीची उपनदी पूर्णा हिच्यावरील धरणामुळे प्रसिद्ध आहे. हे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. येथील पाणी वीजनिर्मितीनंतर खालच्या बाजूस, हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर जलाशयात जाते व तेथून कालव्यांनी शेतीला पुरविले जाते. मराठवाड्यातील अन्नाच्या बदलाचा इतिहास या खोऱ्यात नीट पाहावयास मिळतो. कोरडवाहू जमिनीत खरीप व रब्बी ज्वारी, तूर, मूग, उडीद, करडई ही येथील जुनी पिके होत. ज्वारीची भाकरी, डाळ किंवा पिठले, पालेभाजी, तेल-तिखट व ताक हे त्यांतून सिद्ध झालेले ताट होते. त्यात धान्याचा वाटा मोठा असे, परंतु ते खाणाऱ्याचे श्रमही तसेच असत.

कालव्याच्या पाण्यावर गहू, ऊस, केळी व हळद ही पिके वाढली. ज्या १९७२ मध्ये अमेरिकेत पाव-बटाटे सोडण्याचा उपदेश करणारे पुस्तक खपत होते, त्याच वर्षी महाराष्ट्र भीषण दुष्काळात सापडला होता आणि येथील लोक दुष्काळी कामांवर खडी फोडून आयात केलेल्या मिलो ज्वारीवर दिवस काढीत होते. आहाराचा एकच प्रश्न दोन समाजांत किती भिन्न रूपांत उभा राहतो, याचे हे बोलके उदाहरण होय. त्यानंतर शिधावाटप दुकानांतून मुख्यतः गहू व तांदूळ मिळत गेले. महाराष्ट्रात १९६०-६१ व १९८०-८१ या दोन्ही वर्षी ६० लाख हेक्टरांहून अधिक असलेले ज्वारीचे क्षेत्र २०१०-११ मध्ये सु. ४० लाख हेक्टरांवर आले व नंतर आणखी घटले. मराठवाड्यात खरीप ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. सोयाबीनमध्ये दर १०० ग्रॅ. मागे सु. ४३ ग्रॅ. प्रथिने असली, तरी हे पीक मुख्यतः तेलगिरण्यांकडे जाते आणि त्याची पेंड पशुखाद्यात वापरली जाते. शेतात प्रथिने वाढली, ताटात मात्र त्या मानाने वाढली नाहीत.

परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने (आता वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) ज्वारीवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. लोह व जस्त यांचे प्रमाण अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा वाण २०१८ मध्ये प्रसारित झाला. सालीसकट दळलेल्या पिठातील तंतुमय पदार्थ व सूक्ष्म पोषकद्रव्ये हे ज्वारीचे गुण खरेच आहेत. तथापि १०० ग्रॅ. ज्वारीत सु. ७३ ग्रॅ., गव्हाच्या पिठात सु. ६९ ग्रॅ. व सडीच्या तांदळात सु. ७८ ग्रॅ. कार्बोहायड्रेटे असतात, हे ध्यानात घेता ज्वारी हे अल्पपिष्ट अन्न नव्हे. भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, हा समज म्हणूनच टिकण्यासारखा नाही.

परिणामांविषयीचा पुरावा : नियंत्रित चाचण्यांच्या निष्कर्षांचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला एकत्रित आढावा २३ चाचण्या व १,३५७ व्यक्तींवर आधारलेला होता. त्यानुसार सहा महिन्यांनी हीमोग्लोबिन ए१सी ६.५ टक्क्यांखाली आलेल्यांचे प्रमाण अल्पपिष्ट आहार घेणाऱ्यांत ५७ टक्के, तर इतर आहार घेणाऱ्यांत ३१ टक्के होते. वर्षाअखेरीस मात्र हा लाभ बराच ओसरला. त्याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे एवढे कठोर पथ्य दीर्घकाळ पाळणे बहुतेकांना जमत नाही. ब्रिटनमधील एका चाचणीत अतिशय कमी ऊर्जेच्या आहाराने वजन घटवून वर्षाअखेरीस ४६ टक्के रुग्णांत मधुमेह औषधांविना आटोक्यात आल्याचे आढळले. यावरून स्थूल रुग्णांत वजन घटणे हाच लाभाचा मोठा भाग असावा, असे दिसते.

भारताच्या दृष्टीने २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले राष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष विशेष महत्त्वाचे आहेत. भारतीयांना सरासरीने ६२ टक्के ऊर्जा कार्बोहायड्रेटांपासून मिळते, असे त्यात आढळले. एकूण प्रमाण तेच ठेवून केवळ तांदळाऐवजी अखंड गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ वापरल्याने मधुमेहाचा धोका घटल्याचे दिसले नाही. परंतु ऊर्जेच्या ५ टक्के इतक्या कार्बोहायड्रेटांची जागा वनस्पतिज किंवा दुग्धजन्य प्रथिनांनी घेतल्यास धोका कमी असल्याचे आढळले. ही निरीक्षणात्मक पाहणी असल्याने तिच्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, तथापि तिची दिशा स्पष्ट आहे.

अल्पपिष्ट आहाराचे धोकेही आहेत. इन्शुलिन किंवा सल्फोनिलयूरिया वर्गातील औषधे घेणाऱ्या रुग्णाने औषधांची मात्रा न बदलता धान्य एकदम कमी केल्यास रक्तशर्करा घातक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकणारी नवी औषधे चालू असताना किटोन-अम्लरक्तता होण्याचा संभव वाढतो. गर्भवती स्त्रिया, बालके व वृक्कविकार (मूत्रपिंडाचे विकार) असलेले रुग्ण यांनी वैद्यकीय देखरेखीशिवाय हा आहार घेणे योग्य नव्हे.

मूल्यमापन : येलदरीसारख्या ठिकाणी हा सल्ला कसा लागू पडेल, हे साध्या गणिताने पाहता येते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किग्रॅ. धान्य मिळते, म्हणजे दिवसाला सु. १६७ ग्रॅ. त्यातूनच ११५ ते १३० ग्रॅ. कार्बोहायड्रेटे मिळतात. अल्पपिष्ट आहाराची वरची मर्यादा एवढीच आहे. दिवसाला २,००० किलोकॅलरी लागणाऱ्या व्यक्तीस या धान्यापासून ६०० पेक्षाही कमी किलोकॅलरी मिळतात. उरलेली सर्व ऊर्जा जवळजवळ पिष्टरहित पदार्थांतून मिळवावी लागेल. तुरीच्या डाळीतही १०० ग्रॅ. मागे सु. ५८ ग्रॅ. कार्बोहायड्रेटे असल्याने डाळीने ही उणीव भरून निघत नाही. राहतात ते तेल, शेंगदाणे, दूध, अंडी, मासे व मांस, आणि ते तेवढ्या प्रमाणात विकत घेणे मजुरी करणाऱ्या कुटुंबाला परवडणारे नाही. पर्यायी अन्नावाचून धान्य कमी करणे म्हणजे ॲलन यांची उपासमारच नव्या नावाने परत आणणे होय.

मध्यम मार्ग मात्र आवाक्यातील आहे. याच व्यक्तीच्या आहारातील कार्बोहायड्रेटे ६२ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर आणावयाची, तर दिवसाला सु. ५० ग्रॅ. कमी करावी लागतात. ती सु. ७० ग्रॅ. पिठाइतकी, म्हणजे साधारणतः एका भाकरीइतकी होतात. ही २०० किलोकॅलरीची उणीव सु. ३५ ग्रॅ. शेंगदाण्यांनी भरून निघते व त्यांतून सु. ९ ग्रॅ. प्रथिनेही मिळतात. दूध, अंडी किंवा जलाशयातील मासे यांनीही ती भरून काढता येते. त्याबरोबरच चहातील साखर सोडणे व श्रम घटलेल्यांनी रोज चालणे, हे उपाय जवळजवळ विनाखर्चाचे आहेत.

सव्वादोनशे वर्षांच्या या इतिहासातून एक गोष्ट सातत्याने दिसते. ज्यांच्या ताटात अन्नाचे आधिक्य होते, त्यांना धान्य कमी केल्याने गुण आला. ज्यांच्या शरीरात मुळातच उणीव होती, त्यांना निव्वळ कपातीने अपाय झाला. शिधापत्रिकेवरील धान्याला डाळ व तेल यांची नियमित जोड मिळणे, शालेय व अंगणवाडी आहारातील प्रथिने वाढणे आणि गावपातळीवर रक्तशर्करेची वेळेवर तपासणी होणे, यांवरच पूर्णा खोऱ्यासारख्या प्रदेशात या आहारविचाराचे यश अवलंबून आहे.